चिनी आजी-आजोबा आणि अमेरिकेतला दवाखाना: विमा, भाषा आणि जुन्या अविश्वासाची गोष्ट

अमेरिकेत चिनी वंशाचे ५० लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांच्यातली तरुण मंडळी सॉफ्टवेअर, वैद्यक, विद्यापीठे अशा ठिकाणी ठळकपणे दिसतात. त्यामुळे हा समाज शिकलेला, सुस्थितीतला आणि आपले आपण निभावून नेणारा आहे, असा एक सर्वसाधारण समज तिथे आहे. पासष्टी ओलांडलेल्यांकडे पाहिले की हा समज टिकत नाही. त्यांच्यातले बहुतेक जण चीन, हाँगकाँग, तैवान किंवा आग्नेय आशियात जन्मलेले आहेत. अनेकांना इंग्रजीत आपला आजार सांगता येत नाही. कित्येक जण चायनाटाउनमधल्या एका खोलीत राहतात, तर कित्येक जण उपनगरात मुलाच्या मोठ्या घरात राहूनही गाडी चालवता येत नाही म्हणून दिवसभर घरातच अडकून असतात.

जगातली सर्वांत खर्चिक आरोग्यव्यवस्था ज्या देशात आहे, तिथे या माणसांना साधा रक्तदाब तपासून घेणेही अवघड का जाते? आणि ज्यांनी ही अडचण काही अंशी सोडवली, त्यांनी नेमके काय केले?

दोन वेगळ्या पिढ्या, दोन वेगळ्या अडचणी

'वृद्ध चिनी स्थलांतरित' म्हटले की एकच गट डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते निदान दोन गट आहेत.

पहिला गट जुन्या चायनाटाउनचा. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली. १९४३ मध्ये ती बंदी उठली, पण वर्षाला फक्त १०५ जणांना प्रवेश देण्याची तरतूद झाली. खरी दारे उघडली ती १९६५ च्या कायद्याने. त्यात नातेवाइकांना बोलावून घेण्याला महत्त्व होते. मग दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून, विशेषतः ताइशान परिसरातून आणि हाँगकाँगमधून कुटुंबे आली. पुरुष हॉटेलांच्या स्वयंपाकघरात राबले, बायका कपडे शिवण्याच्या कारखान्यांत. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये आज जे ऐंशीच्या घरातले लोक दिसतात, त्यांतले बरेच या पिढीचे. अमेरिकेत राबल्यामुळे त्यांच्यातल्या अनेकांना निवृत्तीवेतन आणि सरकारी विमा आहे. पण इंग्रजी शिकायला त्यांना सवड मिळाली नाही, आणि गरजही पडली नाही, कारण त्यांचे काम, बाजार आणि शेजार सगळे कँटोनीज किंवा ताइशानी बोलणारे होते.

दुसरा गट नंतरचा. चीनमधून शिकायला आलेली मुले अमेरिकेत स्थिरावली, नागरिक झाली आणि त्यांनी आईवडिलांना बोलावून घेतले. २१ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीनकार्डसाठी कोट्याची मर्यादा नसते, त्यामुळे हा मार्ग तुलनेने सोपा आहे. हे आईवडील मँडरिन बोलतात. ते निवृत्त शिक्षक, अभियंते, सरकारी नोकर असतात. मायदेशी त्यांना मान होता, मित्र होते. इथे आल्यावर त्यांचे काम म्हणजे नातवंडे सांभाळणे. घर प्रशस्त असते, पण त्यांच्या नावावर अमेरिकेत एक दिवसाचीही नोकरी नसते. विम्याच्या बाबतीत सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

चायनाटाउनमधल्या गटासाठी काही दशकांत संस्था उभ्या राहिल्या. उपनगरांतल्या दुसऱ्या गटाकडे मात्र लक्ष गेलेले नाही. मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर आहे म्हणजे आईवडिलांचे बरे चालले असणार, असे सगळेच गृहीत धरतात.

विम्याचे गणित

मेडिकेअर हा ६५ वर्षांवरच्यांसाठीचा केंद्र सरकारचा विमा. तो वय झाले की सगळ्यांना आपोआप फुकट मिळतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलणारा 'भाग ए' हप्त्याशिवाय मिळण्यासाठी त्या व्यक्तीने किंवा तिच्या पती-पत्नीने अमेरिकेत कर भरून ४० तिमाह्या, म्हणजे साधारण १० वर्षे, काम केलेले असावे लागते. मुलाने वीस वर्षे कर भरला असला तरी तो आईच्या खात्यावर धरला जात नाही.

काम केलेले नसेल तर हप्ता भरून हा विमा विकत घेता येतो, पण ग्रीनकार्ड मिळाल्यावर सलग ५ वर्षे अमेरिकेत राहिल्यानंतरच. २०२५ मध्ये अशा व्यक्तीसाठी 'भाग ए'चा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता आणि डॉक्टरांच्या तपासणीसाठीच्या 'भाग बी'चा १८५ डॉलर. दोन्ही मिळून महिन्याला ७०३ डॉलर. घरात आई आणि वडील दोघेही असतील तर याच्या दुप्पट. औषधांचा विमा वेगळा. दात, चष्मा आणि श्रवणयंत्र हे मूळ मेडिकेअरमध्ये जवळजवळ नाहीतच, आणि म्हातारपणी नेमके तेच लागते.

गरिबांसाठीचा विमा म्हणजे मेडिकेड. तिथेही पाच वर्षांची अट आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये झालेल्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने, बहुतेक नव्या ग्रीनकार्डधारकांना केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या मेडिकेडसाठी पहिली पाच वर्षे अपात्र ठरवले. त्यात जिवावरच्या तातडीच्या उपचारांचा तेवढा अपवाद ठेवला. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारखी काही राज्ये स्वतःच्या तिजोरीतून ही पोकळी भरत आली आहेत. त्यामुळे एकाच वयाच्या, एकाच वर्षी आलेल्या दोन चिनी आजींपैकी एकीला विमा मिळतो आणि दुसरीला नाही. फरक इतकाच, की मुलाची नोकरी कोणत्या राज्यात आहे.

समजा, ७० वर्षांची एक बाई ग्वांगझौहून मुलीकडे कायमची राहायला आली. पंच्याहत्तरीपर्यंत तिला मेडिकेअर नाही. खासगी विमा बाजारातून घ्यावा लागेल. तो घेताना मुलीने दिलेले हमीपत्र आठवते. आईवडिलांना बोलावणाऱ्याला 'यांचा भार सरकारवर पडू देणार नाही' असे कायदेशीर हमीपत्र द्यावे लागते, आणि ते आई नागरिक होईपर्यंत किंवा ४० तिमाह्यांचे काम तिच्या खात्यावर जमा होईपर्यंत सुटत नाही. म्हातारी मग काय करते? छातीत दुखले तरी बोलत नाही. मुलीला खर्चात घालायचे नाही, एवढेच तिच्या मनात असते. रक्तदाबाच्या गोळ्या ती चीनमधून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मागवते, आणि मोठी तपासणी मायदेशी जाईल तेव्हा करून घेते.

हे नियम काही फक्त चिनी लोकांसाठी नाहीत. पुण्या-नाशिकहून ग्रीनकार्डवर मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनाही हेच लागू होतात, आणि महाराष्ट्र मंडळांच्या गप्पांमध्ये 'आईचा इन्शुरन्स' हा विषय त्यामुळेच संपत नाही.

नागरिक झाले की अडचण कमी होते, पण नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत असते. ५५ वर्षांवरच्या व्यक्तीला स्वतःच्या भाषेत परीक्षा देण्याची मुभा ग्रीनकार्डवर १५ वर्षे राहिल्यावर मिळते. सत्तरीत आलेल्या माणसासाठी ही मुभा म्हणजे पंच्याऐंशीची भेट.

यात भीतीचाही वाटा आहे. जी व्यक्ती सरकारवर 'भार' ठरण्याची शक्यता आहे तिला ग्रीनकार्ड नाकारता येते, अशी तरतूद अमेरिकन कायद्यात फार जुनी आहे. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने तिचा अर्थ ताणून मेडिकेड वापरणेही त्यात धरले. तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला, शिवाय ज्यांच्या हाती आधीच ग्रीनकार्ड होते त्यांच्या नागरिकत्वाच्या अर्जाशी त्याचा संबंध नव्हता. पण बातमी पसरली ती एवढीच, की सरकारी विमा घेतला तर कागद अडकतात. लोकांनी हक्काची कार्डे परत केली. नियम गेल्यावरही ती भीती लगेच गेली नाही.

'चिनी' नावाची एक भाषा नाही

दवाखान्यातल्या अर्जावर भाषेच्या रकान्यात 'चायनीज' असे लिहिलेले असते. रुग्ण त्यावर खूण करतो आणि गोंधळाला सुरुवात होते. कँटोनीज आणि मँडरिन बोलणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. ताइशानी ही कँटोनीजची नातलग असली तरी फक्त हाँगकाँगची भाषा येणाऱ्याला ती नीट समजत नाही. न्यूयॉर्कमध्ये फूजोउ भागातून आलेल्यांची भाषा आणखी निराळी. लिपीतही दोन प्रकार आहेत: हाँगकाँग-तैवानची पारंपरिक आणि मुख्य भूमीची सोपी केलेली. आणि खेड्यातून आलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला यातले कोणतेही माहितीपत्रक दिले तरी ते सारखेच.

केंद्राचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाषी विनामूल्य पुरवला पाहिजे, हे बंधन कागदावर पक्के आहे. त्याचे मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. भाषेचा प्रश्न हा वंशभेदाचाच प्रश्न ठरू शकतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी शाळकरी मुलांच्याच खटल्यात. 'लाउ विरुद्ध निकोल्स' या नावाने तो ओळखला जातो. पुढे २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातल्या कलम १५५७ ने आरोग्यसेवेसाठी हे बंधन अधिक स्पष्ट केले, आणि २०१६ च्या नियमांनी अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरायला, तातडीचा प्रसंग वगळता, मनाई केली.

ही मनाई का करावी लागली? अनेक वर्षे चिनी घरांत दुभाष्याचे काम शाळकरी नातवंडेच करत आली. बारा वर्षांच्या मुलाने आजीच्या गर्भाशयाविषयी डॉक्टरांचे प्रश्न विचारायचे, किंवा आजोबांना गाठ कर्करोगाची आहे असे सांगायचे. आजी नातवासमोर बोलत नाही, नातवाला शब्द सापडत नाहीत. मोठी मुले-मुलीही विश्वासू दुभाषी असतातच असे नाही. आईला धक्का बसू नये म्हणून ती अर्धेच सांगतात, आणि डॉक्टरांसमोर आईची तक्रार सौम्य करतात.

दुभाषी प्रशिक्षित असला तरी शब्द नुसता फिरवून भागत नाही. चिनी वैद्यकात 'शन शू' असा शब्द आहे. शब्दशः अर्थ 'मूत्रपिंड दुर्बळ', पण बोलणाऱ्याला म्हणायचे असते थकवा, कंबरदुखी, अंगात जोर नसणे. शब्दाला शब्द ठेवला तर डॉक्टर मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून देतो. 'पित्त झालंय' म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या पित्ताशयाची सोनोग्राफी काढावी, तसाच हा प्रकार. आता बहुतेक ठिकाणी फोनवरून किंवा पडद्यावरून दुभाषी जोडतात. सोय चांगली आहे, पण कानाने कमी ऐकू येणाऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारा अनोळखी आवाज किती कळत असेल, हा प्रश्न उरतोच.

जुना अविश्वास, आणि त्यात मुंबईचा एक धागा

चिनी वृद्ध डॉक्टरांकडे उशिरा जातात, याचे कारण अनेकदा 'संस्कृती' असे एका शब्दात सांगून मोकळे होतात. इतिहास पाहिला तर वेगळे कारणही दिसते. अमेरिकेत चिनी माणसाची सरकारी डॉक्टरांशी पहिली गाठ बऱ्याचदा पडली ती त्याला बरे करण्यासाठी नव्हे, परत पाठवण्यासाठी. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर आशियातून येणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी होई. आतड्यातले आकडेकृमी किंवा यकृतातले जंत सापडले की ते देशात न घेण्याचे कारण ठरे.

त्याआधीचा प्रसंग आणखी कडवट आहे. मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये प्लेगचा पहिला बळी सापडला. ही तीच साथ, जी हाँगकाँगमार्गे १८९६ मध्ये मुंबईत पोहोचली होती आणि जिच्या बंदोबस्तातल्या जाचामुळे १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला. सॅन फ्रान्सिस्कोत अधिकाऱ्यांनी चायनाटाउनला दोर लावून वेढा घातला. वेढ्याची रेषा अशी वळवली, की कडेची गोऱ्यांची दुकाने बाहेर आणि चिनी घरे आत राहिली. शिवाय शहराबाहेर जायचे असेल तर चिनी आणि जपानी माणसाने आधी हाफकिनची लस टोचून घेतली पाहिजे, असा हुकूम निघाला. ही लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली होती आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून पाहिली होती. लशीने अंग तापे आणि दुखे. ती फक्त आशियाई लोकांनाच का, हा चिनी व्यापाऱ्यांचा सवाल न्यायालयाने रास्त मानला. मे १९०० मध्ये लशीची सक्ती आणि जूनमध्ये वेढा, दोन्ही भेदभावाचे म्हणून रद्द झाले.

शहरातली रुग्णालये चिनी माणसाला दारात उभे करत नव्हती, म्हणून या समाजाने वर्गणी काढून आधी तुंग वा नावाचा दवाखाना चालवला आणि १९२५ मध्ये स्वतःचे 'चायनीज हॉस्पिटल' उभारले. ते आजही चालू आहे. ब्रूस ली याचा जन्म १९४० मध्ये तिथलाच.

कागदांची भीतीही याच काळातली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंद जळाली. त्यानंतर अनेक चिनी पुरुष दुसऱ्याच कुणाचे मुलगे असल्याचे कागद घेऊन आले. त्यांना 'कागदी मुलगे' म्हणतात. अशा घरांत खरे आडनाव एक, कागदावरचे दुसरे. 'तुमच्या वडिलांना मधुमेह होता का?' या प्रश्नावर कोणते वडील सांगायचे, हा पेच तिथे खराखुरा होता. अनोळखी माणसाला घरची माहिती द्यायची नाही, ही शिकवण पुढच्या पिढीपर्यंत उतरली.

न दुखणारे आजार आणि न सांगितलेली औषधे

हिपॅटायटिस बी म्हणजे ब प्रकारची कावीळ. चीनमध्ये जन्मलेल्या मोठ्या वयाच्या लोकांत याचा जुनाट संसर्ग अमेरिकेतल्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. संसर्ग बहुधा जन्माच्या वेळी आईकडून होतो. माणूस पन्नास-साठ वर्षे ठणठणीत असतो आणि मग यकृत आक्रसलेले किंवा कर्करोग झालेले सापडते. साध्या रक्ततपासणीने तो आधी कळतो आणि रोजच्या गोळ्यांनी ताब्यात राहतो. पण 'काही दुखत नाही, तर रक्त कशाला द्यायचे?' हा प्रश्न तपासणीच्या आड येतो. रोगाचे नाव बाहेर फुटले तर लोक आपल्या ताटात जेवणार नाहीत, ही धास्तीही असते. प्रत्यक्षात हा आजार एकत्र जेवल्याने पसरत नाही. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'हेप बी फ्री' ही मोहीम सुरू झाली. तिने जाहिराती, चिनी वृत्तपत्रे आणि रस्त्यावरच्या मेळ्यांमधून ही तपासणी लाज वाटण्याजोगी नाही हे सांगितले.

औषधांची गोष्ट वेगळीच. डॉक्टर विचारतात, 'दुसरे काही औषध घेता का?' उत्तर येते, 'नाही.' खोटे बोलण्याचा हेतू नसतो. जडीबुटीचे सूप हे त्यांच्या लेखी अन्न असते, औषध नव्हे. पण 'दानशन' ही हृदयासाठी घेतली जाणारी मुळी किंवा 'दांग ग्वे' ही बायकांच्या तक्रारींवर दिली जाणारी मुळी, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. 'काय औषध घेता' याऐवजी 'घरी कोणते सूप करता, वैद्याच्या दुकानातून काय आणता' असे विचारणाऱ्या दवाखान्यांना खरी यादी मिळते.

मेडिकेअरने जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी अॅक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली, वर्षाला जास्तीत जास्त २० वेळा. मेख अशी, की चायनाटाउनमधला परवानाधारक अॅक्युपंक्चर करणारा स्वतः मेडिकेअरला बिल लावू शकत नाही. ते डॉक्टरच्या किंवा अशाच पात्र व्यावसायिकाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. आजींचा वर्षानुवर्षांचा वैद्य त्यामुळे योजनेबाहेरच राहतो.

स्मृतिभ्रंशाचे तर नावच आडवे येते. चिनीत त्याला 'लाओरेन छिदाय' म्हणत आले. त्याचा अर्थ जवळपास 'म्हातारचळ लागलेला, मठ्ठ' असा होतो. कोणता मुलगा आपल्या बापाबद्दल हे नोंदवून घेईल? हाँगकाँग आणि तैवानमध्ये आता आकलनाशी संबंधित, सौम्य नावे वापरतात, पण जुन्या पिढीच्या तोंडी जुनाच शब्द आहे. चाचणीतही अडचण असते. घड्याळ काढा, अमुक शब्द उलटा म्हणा, हे प्रश्न शाळेत गेलेल्या माणसासाठी बनलेले. कधी पेन्सिल हातात न धरलेल्या आजीचे घड्याळ वाकडे आले, तर तिची स्मरणशक्ती गेली असे ठरवता येत नाही. आणि उलटही घडते. 'वयामुळे विसरते' म्हणून खरा आजार चार-पाच वर्षे निसटतो.

शिकागोत २०११ नंतर तीन हजारांहून अधिक चिनी ज्येष्ठांच्या घरी जाऊन, त्यांच्या बोलीत मुलाखती घेऊन 'पाइन' नावाचा मोठा अभ्यास झाला. एकटेपणा, उदासी, घरात होणारी हेळसांड हे बोलायला अवघड असलेले विषय त्यात मांडले गेले. तोपर्यंत 'आशियाई' या एका रकान्यात जपानी, भारतीय, फिलिपिनो आणि चिनी सगळे एकत्र मोजले जात आणि सरासरी छान येई.

ऑन लोक: चायनाटाउनने देशाला दिलेली पद्धत

या सगळ्या अडचणींवर सर्वांत विचारपूर्वक शोधलेला उपाय सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून आला, आणि त्याची सुरुवात एका नकारापासून झाली.

१९७० च्या सुमारास तिथल्या कार्यकर्त्यांना परिसरातल्या वृद्धांसाठी नर्सिंग होम बांधायचे होते. (अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे. स्वतःचे करता न येणाऱ्या वृद्धांना कायमचे ठेवण्याची ती जागा असते.) चिनी, फिलिपिनो आणि इटालियन म्हातारे लहान खोल्यांमध्ये, जिने चढत-उतरत राहत होते. दूरच्या नर्सिंग होममध्ये गेले की भाषा नाही, भात नाही, भेटायला कुणी नाही. दंतवैद्य विल्यम गी आणि समाजसेविका मेरी-लुईस अँसॅक यांच्या पुढाकाराने पाहणी झाली. अँसॅक यांनी निष्कर्ष काढला तो असा, की नर्सिंग होम परवडणार नाही, आणि परवडले तरी लोकांना ते नको आहे. त्यांना स्वतःच्या खोलीत राहायचे आहे.

मग ब्रिटनमधल्या 'डे हॉस्पिटल'चा नमुना समोर ठेवून १९७३ मध्ये दिवसाचे केंद्र सुरू झाले. नाव 'ऑन लोक', कँटोनीजमध्ये 'शांत, आनंदी निवास'. सकाळी गाडी घ्यायला येते, केंद्रात डॉक्टर, परिचारिका, व्यायाम, ओळखीचे जेवण आणि पत्त्यांचा डाव असतो, आणि संध्याकाळी माणूस आपल्या घरी. घरी मदतनीस लागला तर तोही केंद्रच पाठवते.

खरी कल्पकता पैशांच्या रचनेत होती. अमेरिकेत प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक गोळीचे वेगळे बिल होते. ऑन लोकने १९८० च्या दशकात सरकारकडून परवानगी मिळवली, की प्रत्येक वृद्धामागे महिन्याला ठरावीक रक्कम द्या, मग त्यातून दवाखाना, औषधे, रुग्णालय, अगदी नर्सिंग होमची वेळ आली तर तेही, सगळे आमच्यावर. पैसा असा एकत्र आल्यावर न्हाणीघरात पकडायची दांडी बसवणे हे वैद्यकीय काम ठरले, कारण खुब्याचे हाड मोडले तर खर्च याच संस्थेचा. १९९७ मध्ये ही पद्धत 'पेस' या नावाने मेडिकेअरची कायमची योजना झाली. आज ती तीसहून अधिक राज्यांत आहे आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत बहुसंख्य चिनी नाहीत.

योजनेच्या नियमांत एक छोटी तरतूद आहे. प्रत्येक वृद्धाचा आराखडा ठरवणाऱ्या पथकात डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर गाडीचा चालकही असावा लागतो. आजी आज पायरी उतरताना अडखळल्या, दार उघडायला रोजच्यापेक्षा वेळ लागला, घरातून करपल्याचा वास आला, हे सर्वांत आधी त्याला कळते.

पेसची मर्यादाही आहे. वय ५५ च्या पुढे आणि नर्सिंग होमची गरज पडावी इतकी प्रकृती खालावलेली असेल, तरच प्रवेश मिळतो. ज्यांच्याकडे मेडिकेड नाही त्यांना मोठी रक्कम स्वतः भरावी लागते. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत अडकलेल्या, उपनगरातल्या, अजून चालत्या-फिरत्या आजीला ती उपयोगाची नाही. अशांसाठी सामुदायिक दवाखाने आहेत: न्यूयॉर्कचे चार्ल्स बी. वाँग केंद्र, ज्याचे मूळ १९७१ च्या चायनाटाउनमधल्या एका आरोग्य मेळ्यात आहे, बॉस्टनचे साउथ कोव्ह, ओकलंडचे एशियन हेल्थ सर्व्हिसेस. उत्पन्न पाहून फी घेणारे आणि स्वागतकक्षापासून औषधांपर्यंत रुग्णाची भाषा बोलणारे हे दवाखाने आहेत. कॅनडात टोरोंटोजवळ १९९४ पासून 'यी हाँग' ही संस्था चिनी जेवण आणि भाषा सांभाळणारी वृद्धनिवासे चालवते. तिथे जागा मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते.

शेवटच्या आजाराचे बोलणे

अमेरिकन रुग्णालयात रुग्णाला त्याचे निदान थेट सांगतात आणि शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा लिहून मागतात. अनेक चिनी घरांत हे उलटे असते. निदान आधी मुलांना कळते आणि आईला ते सांगायचे की नाही हे मुले ठरवतात. २०१९ चा 'द फेअरवेल' हा चित्रपट याच प्रथेभोवती फिरतो. मरणाचा उच्चार अशुभ मानतात. 'चार' हा आकडाही मरण या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून टाळतात.

इथे अनुभवी डॉक्टर मधली वाट काढतात. आजीला पहिल्याच भेटीत विचारायचे, 'तपासणीत काही आढळले तर तुम्हाला स्वतः ऐकायला आवडेल, की मुलाशी बोलू?' निर्णय कुणी घ्यायचा हे आजीने ठरवले, तर तिचा हक्कही राहतो आणि घरची रीतही. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये स्थापन झालेल्या चिनी अमेरिकनांच्या एका संस्थेने यासाठी पत्त्यांचा जोडच काढला. प्रत्येक पानावर चिनी आणि इंग्रजीत एक इच्छा आहे. वेदना नकोत, घरी राहायचे आहे, अशा इच्छा. अर्ज पुढे केला तर गप्प बसणारी माणसे पत्ते हातात आले की बोलू लागतात.

सध्या काय बदलते आहे

गेल्या काही वर्षांत दिशा दोनदा बदलली. कॅलिफोर्नियाने मे २०२२ मध्ये ५० वर्षांवरच्या सर्व गरीब रहिवाशांना, कागदपत्रे असोत वा नसोत, मेडी-कॅल हा राज्याचा मेडिकेड खुला केला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो सर्व वयांसाठी झाला. त्यानंतर तिजोरीवर ताण आला आणि कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी जानेवारी २०२६ पासून थांबवण्याचे ठरले. ज्यांचे कार्ड आधीपासून चालू आहे त्यांना ते वेळेवर नूतनीकरण करून टिकवावे लागेल. त्यासाठीचे पत्र कोणत्या भाषेत येते आणि घरात ते कोण वाचते, यावर आता बरेच काही अवलंबून आहे.

केंद्राच्या पातळीवर जुलै २०२५ च्या कायद्याने, पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या अतिगरीब कायदेशीर स्थलांतरितांची खासगी विम्यावरची सवलत २०२६ पासून काढून घेतली. ग्वांगझौहून आलेल्या त्या काल्पनिक आजी मुलीकडे न राहता स्वतःच्या तुटपुंज्या उत्पन्नावर वेगळ्या राहत असतील, तर फटका थेट त्यांनाच. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सेवा पुरवण्याविषयीचा २००० सालचा आदेश त्याने रद्द केला. १९६४ चा कायदा आणि कलम १५५७ मात्र तसेच आहेत, त्यामुळे रुग्णालयात दुभाषी मागण्याचा हक्क कायम आहे. तो मागताना नुसते 'चायनीज' न म्हणता कँटोनीज, मँडरिन की ताइशानी हे नेमके सांगावे, अशी सूचना सामुदायिक दवाखाने आपल्या रुग्णांना देतात. काही जण बोलीचे नाव इंग्रजीत छापलेले छोटे कार्डच पाकिटात ठेवायला देतात.